दत्तारामकाकांचे दोन साचे

१

आमच्या घरात आवाज न करता बोलायची सवय आहे. अप्पा सव्वीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका छपराखाली आठशे साचे धडधडत असले की शेजारच्याच्या कानाशी ओरडूनसुद्धा काही पोचत नाही, म्हणून साचेवाले ओठांनी बोलतात. घशातून आवाज काढायचा नाही, तोंड मोठं करून शब्द नुसता घडवायचा. कमी पडलं तर हात आहेतच. पुढे अप्पांचे कान जवळजवळ गेले आणि करी रोडच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीच घरची भाषा झाली. मी खाली नळावर असायचे, अप्पा वर गॅलरीत. "च्या घेतलंस?" ते ओठांनी विचारायचे. मी मान हलवायचे. शेजारचे उत्तमकाका म्हणायचे, "तुमच्यात भांडाण झाला तरी आमका काय मजा नाय. ऐकाकच येना नाय."

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि भोंगा थांबला. अप्पा पहिले काही महिने सभांना गेले, मग नुसते गेटवर, मग नाक्यापर्यंत. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ते कुठेच जाईनासे झाले. पण सहाला उठायचे, आंघोळ करायचे आणि बरोबर सातला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसायचे. उठायचे साडेतीनला. पहिली पाळी सात ते साडेतीनच असायची. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. चाळीतले अर्धे पुरुष तेच करत होते, कोणी जिन्यात बसून, कोणी गॅलरीत. मला तेव्हा नुकतीच एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती, आई खानावळीत पोळ्या लाटायची. घर चाललं होतं.

२

शनिवारी संस्था अर्धा दिवस. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी अडीचला घरी आले. आई कामावर होती. अप्पा स्टुलावर अर्धे वळून डावीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मला वाटलं, जप करतायत. चपला काढता काढता सवयीनं वाचलं गेलं.

"धागो तुटलो. थांब, जोडतंय." मग ते थांबले. समोरच्याचं ऐकून घेताना माणूस जेवढा थांबतो तेवढेच. मग हसले. "तुज्या सासरवाडीचा सांगू नको. गेल्या साली आंबे धाडतंय म्हणालंस."

डावीकडे दोन हात मोकळी जागा होती, मग भिंत, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. माझ्या हातातली पिशवी पडली. मी घाबरटच आहे, मांजराने ताट पाडलं तरी माझे हात थंड पडतात. अप्पांना आवाज आला नसणार, पण फरशी हादरलेली कळली. त्यांनी मागे पाहिलं.

"कोणाशी बोलताय?" मी ओठांनी विचारलं.

"दत्ताराम आसा."

"दत्तारामकाका ऑगस्टमध्ये गेले, अप्पा. तुम्ही खांदा दिलात."

"माका ठाव आसा," अप्पा म्हणाले. चिडले नाहीत. "पण तेचे दोन साचे माज्याकडे आसत."

साचेखात्यात एक रीत होती, ती मला लहानपणापासून माहीत होती. चहाला, विडीला बाहेर जायचं तर साचे थांबवायचे नाहीत. बाजूवाल्याची नजर पकडायची, तळहात छातीवर ठेवायचा, मग आपल्या साच्यांकडे बोट करायचं. बाजूवाल्याने मान हलवली की ते साचे त्याचे. गेलेला परत येईपर्यंत जागा सोडायची नाही, मग जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडो नाहीतर पोटात कळ येवो. दत्तारामकाका एकोणीस वर्षं अप्पांच्या डावीकडे उभे राहिले. संपाआधीच्या शेवटच्या पाळीला तीनच्या सुमारास त्यांनी छातीवर हात ठेवला आणि अप्पांनी मान हलवली. गेटवर सभा चालली होती, काका तिथेच अडकले. भोंगा झाला. पाळी सुटली. त्यानंतर गिरणी उघडलीच नाही. पुढे दीड वर्ष दोघं नाक्यावर रोज भेटत, एका विडीचे दोन तुकडे करत. पण नाका म्हणजे साचेखातं नव्हे, साचे परत घ्यायचे ते साच्यांपाशीच. मग काकांना कावीळ झाली. अप्पा इस्पितळात पोचले तेव्हा खाट रिकामी होती.

मी अप्पांना पाणी दिलं. कॉलेजात मानसशास्त्राचं एक पुस्तक वाचलं होतं, त्यातली दोन-तीन वाक्यं आठवून बघितली. बरं वाटलं नाही.

३

संस्थेत माझं काम जोडताऱ्यांचं होतं. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक फुगलेला, साधा, दिसणारा. दुसरा एवढा लहान आणि एवढा जड की तो दिसत नाही. दिसणाऱ्याचा वायू सुटून न दिसणाऱ्याकडे ओढला जातो, त्याच्याभोवती गरगरतो, तापतो आणि क्ष-किरण सोडतो. सगळं आत जात नाही. थोडं एकमेकांविरुद्ध दोन दिशांना झोतासारखं बाहेर फेकलं जातं, प्रकाशाच्या वेगाच्या आसपास. फुगलेल्या ताऱ्याचा साधा प्रकाश त्या झोतातल्या कणांवर आपटतो आणि भयंकर ऊर्जेचा होऊन निघतो. तो किती निघेल, कधी वाढेल, कधी मंदावेल याचं गणिती मॉडेल मी बांधत होते. कण किती, झोत किती रुंद, किती तिरका, हे आकडे कार्डांवर टोचून द्यायचे, दुसऱ्या दिवशी संगणकातून कागदाची घडी यायची. मोजलेल्यातून मॉडेल वजा करायचं. खाली जे उरतं त्यावर महिनोन् महिने जात.

माझ्या मार्गदर्शक पद्मजा मॅडम दादरच्या, हळू आणि स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "उरलेलं पुसायचं नाही, कालिंदी. वेगळ्या कागदावर ठेव. आपली चूक असते, नाहीतर तिथे खरंच काहीतरी असतं."

"ते आपण बघितलेलं नसताना कसं म्हणायचं, मॅडम?"

"बघायला कशाला हवं? दिसणारा किती झोके खातो त्यावरून न दिसणाऱ्याचं वजन काढतोच ना आपण. आणि झोत दोन्हीकडे सापडले की मधे सरळ रेघ ओढ. तो त्या रेघेवर बसलेला असतो."

मी मान हलवली. मला मान हलवायची फार सवय.

४

म्हणून मी वेगळा कागद केला.

दर रविवारी अप्पांना स्टेशनातल्या वजनाच्या यंत्रावर उभं करायचे. नाणं टाकलं की दिवे फिरत, मग पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. संपाआधीचं अठ्ठावन्न किलोचं एक तिकीट आईने देवापाशी ठेवलेलं होतं. नोव्हेंबरात एक्कावन्न आलं. पंधरा दिवसांनी साडेएकोणपन्नास. डिसेंबरात सत्तेचाळीस, मागे लिहिलेलं: प्रवासाचा योग आहे. अप्पा दोन्ही वेळा जेवत होते. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं. "कुठे जातंय कळत नाही," ते म्हणाले. "गावी न्या. हवा बदलली तर फरक पडेल."

आईला तेवढंच हवं होतं. देवगडकडे मामाचं घर, भाताची जमीन. "गावाक गेले तर जगतले," ती म्हणायची. "पण हयसून हलाचा नाव घेनत नाय. तू शिकलंलंस ना, तू सांग."

मी सांगितलं. अप्पांनी डावीकडे पाहिलं आणि नकाराची मान हलवली.

याच दिवसांत तूस दिसायला लागलं. कापसाचं तूस, पांढरं, हलकं, लहानपणी अप्पांच्या भुवयांवर असायचं तसलं. मोरीच्या कठड्यापाशी चिमूटभर. आईने झाडलं, म्हणाली, "गादयेतलो कापूस." मी गादी उसवून बघितली, तिच्यात काथ्या होता. दुसऱ्या दिवशी दाराच्या वरच्या पोटमाळ्याच्या कडेला तेवढंच तूस. मग रोज त्याच दोन जागी. अप्पा बसायचे तिथे मात्र एक तंतू नाही. जिन्याखाली कोणी गादीवाला पिंजत असेल म्हणून खाली जाऊन आले. कोणी नव्हतं.

उत्तमकाका जिन्यात अंड्यांचे ट्रे मोजत बसले होते. "काय गो सायंटिस्ट, खाली काय बघतंस? तुजे तारे वरती ना?"

"काका, आपल्या गिरणीत परत साचे सुरू झालेत का?"

ते हसायचे थांबले. "साचे भंगारात गेले पोरी. गेल्या महिन्यात. ट्रक बघितलंय मी. तुज्या बापाशीक सांगू नको."

ते तूस मी सात दिवस झाडू दिलं नाही. आठव्या दिवशी, संस्थेतून येताना बसमध्ये, मॅडमची ती रेघ आठवली.

५

त्यानंतरचा रविवार होता, दुपारचे तीन वाजत आले होते. आई फुलपुडीचे दोरे जमवून रिळावर गुंडाळून ठेवते, ते रीळ मी घेतलं. एक टोक मोरीच्या कठड्यावर तुसापाशी वरवंट्याखाली दाबलं. शिडी लावली, दुसरं टोक पोटमाळ्याच्या कडेला धरलं आणि ताणलं.

दोरा खोलीतून तिरका वर गेला. स्टुलाच्या डावीकडून, अप्पांपासून दीड हातावरून. तिथे त्याची उंची होती उभ्या माणसाच्या तोंडाएवढी.

यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत कुठूनही कुठे दोरा ताणला तरी तो कशाच्या ना कशाच्या जवळून जाणारच. हे मी स्वतःला शिडीवर उभी राहून सांगत होते. तेवढ्यात बोटांना कळलं की दोरा थरथरतोय. वारा नव्हता, माझा हात मी पोटमाळ्याच्या फळीवर टेकवला होता. थरथर सारखी नव्हती. ठोका, ठोका, मग एक बारीक ओढ, पुन्हा ठोका. मागातला धोटा इकडून तिकडे जातो तशी.

अप्पांनी वर माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अवघडलेला होता, पाहुण्यांसमोर मुलीने काही चुकीचं केलं की होतो तसा.

"दोरो काढ," त्यांचे ओठ म्हणाले. "तेच्या तोंडासमोर येता."

६

जानेवारीत वजन पंचेचाळीस झालं. शर्टाच्या आत अप्पा कमी कमी होत होते, आणि हसायचे मात्र जास्त. आईने दोघांची एसटीची तिकिटं काढून आणली, परळहून सकाळी साडेनऊची गाडी. आदल्या दुपारी ती माझ्यासमोर बसली. तिला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही. ती रडली नाही, नुसता पदर बोटाला गुंडाळत राहिली. "उद्या नाय उठले तर मग उठाचेच नाय," ती म्हणाली.

मी अप्पांसमोर जमिनीवर बसले. मनाशी पक्कं केलं होतं: हा भ्रम आहे, आणि भ्रमातल्या माणसाला भ्रमाच्या नियमांनीच बाहेर काढायचं.

"अप्पा, साचे तिसऱ्याला देता येतात?"

"तिसऱ्यान मान हलवली तर येतत."

"मग मला द्या."

"तुका नाय."

"मी बघते. काका येईपर्यंत. तुम्ही गावाला जाऊन बरे होऊन या."

"कालिंदी, तुका नाय म्हटलंय." पहिल्यांदाच त्यांच्या घशातून आवाज आला, घोगरा, न वापरलेला. आई दचकून उठली. अप्पांनी डावीकडे पाहिलं. ओठांनी काही विचारलं, ते मला दिसलं नाही. बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा असा पडला, जसा इस्पितळातून परत आले त्या दिवशी पडला होता.

"तो म्हणता, चालात."

त्यांनी तळहात छातीवर ठेवला. डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. मी मान हलवली.

साडेतीनला अप्पा उठले आणि आईला म्हणाले, "माजी पिशवी खंय आसा?"

७

गावाहून मामाच्या अक्षरातली पत्रं येत. पहिल्यात: भूक चांगली लागते. दुसऱ्यात: बाजारात तराजूवर घातलं, एकोणपन्नास. तिसऱ्यात आईने लिहायला सांगितलं होतं की ते हल्ली मोठ्याने बोलतात, शेजारी हसतात, दत्तारामाचं नाव एकदाही काढलेलं नाही. ती पत्रं मी बसमध्ये वाचायचे आणि खिडकीकडे तोंड करायचे.

मला कोणी दिसत नव्हतं. ऐकू येत नव्हतं. तूसही थांबलं होतं. मी स्वतःलाच शाबासकी दिली होती.

फेब्रुवारीत मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. मॉडेल जवळजवळ जुळलं होतं. फुगलेला तारा आहे तेवढाच राहतो असं मी सुरुवातीपासून धरलं होतं, ते सोडलं, त्याला झिजू दिलं, आणि उरलेलं जवळजवळ शून्यावर आलं. मॅडम खूश होत्या. कागद बघता बघता म्हणाल्या, "तू बारीक झालीस. आणि डावीकडे काय बघतेस मघापासून?"

"काही नाही, मॅडम."

त्या रविवारी मी वजनाच्या यंत्रावर चढले. सहा आठवड्यांत चार किलो कमी. तिकिटाच्या मागे काय लिहिलं होतं ते वाचलं नाही.

८

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी अडीचला घरी आले. तीन वाजून गेल्यावर चहा टाकला. कार्डांचा गठ्ठा घेऊन स्टुलावर बसले. ते स्टूल घेतलं कारण दुसरं स्टूल आमच्याकडे नाही.

सव्वातीन झाले असतील. खाली कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या संपल्या आणि कामगारांसाठीची गाणी लागली. मी कार्डं लावत होते. डोळ्यांच्या कडेला, डावीकडे नाही, उजवीकडे, काहीतरी पांढरं हललं. मी मान वर केली.

खोलीत तूस उडत होतं. एवढं तूस मी गेटमधून आत पाहिलं होतं, सहा वर्षांची असताना. त्यात एक तळहात होता, छातीवर टेकवलेला. त्याच्यावर चेहरा. भरलेला, गालांवर मांस असलेला, भुवया पांढऱ्या झालेल्या, संपाआधीचा. त्याने माझी नजर पकडली. हात छातीवरून निघाला आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे वळला, साचेखात्यात अप्पांचे स्वतःचे दोन साचे जिथे असत तिथे.

"च्या घेवन येतंय," ओठ म्हणाले.

मी मान हलवली.

अप्पा गावी आहेत हे त्यानंतर आठवलं. तोवर खोलीत चहा उतू गेल्याचा वास होता आणि दुसरं काही नव्हतं.

तार साडेपाचला आली. उत्तमकाकांनी वाचून दाखवली. दुपारी जेवून बांधावर बसले होते, ते तिथेच गेले.

"रातच्या गाडयेन जावया," काका म्हणाले. "मी येतंय तुज्यावांगडा. उठ पोरी. पिशवी भर."

मी पिशवी भरली. दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

९

आज दहावा दिवस आहे. गावाला कावळा शिवला असेल किंवा नसेल. मामाचं पत्र आलंय: तुझ्या आईने अन्न टाकलंय, ती सारखी वाटेकडे बघते, तू कधी येतेस. मॅडमनी दोनदा शिपाई पाठवला. मॉडेलवर माझं नाव घालायचंय, सही हवी आहे. उत्तमकाका दारात डबा ठेवून जातात. आत येत नाहीत. काल म्हणाले, "गो, तुज्या केसांत कापूस आसा," आणि पुसायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

मला सगळं कळतं. आईला माझी गरज आहे, जे गेले ते गेले, हे मी दिवसातून वीस वेळा स्वतःला सांगते, आवाजाने नाही, ओठांनी. दुसऱ्यांदा मान हलवली तेव्हा विचारच केला नाही, ती नुसती सवयीने हलली, हेही कळतं. पण चार साचे आहेत. आणि रीत साधी आहे, जाणाऱ्याने परत यायचं असतं, म्हणून तर थांबणाऱ्याने थांबायचं.

दत्तारामकाकांचं मला सांगता येणार नाही. पण सव्वीस वर्षांत अप्पा चहाला गेले आणि परत आले नाहीत, असं एकदाही झालेलं नाही.